मृतांची घरे



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत पाककृती असाव्यात, ओव्या असाव्यात, बाळंतिणीच्या काळजीच्या चार गोष्टी असाव्यात. तेथे थडग्यांचा विषय कशाला, असे आपल्यापैकी पुष्कळजणींना वाटेल. संपादिकाबाईंनीही मला तसे हसत हसत विचारले. मी त्यांना एवढेच म्हटले की, भाद्रपदात आपण पंधरा दिवस पितरांचे स्मरण करतो, सर्वपित्रीला घास काढून ठेवतो, देवघरात पूर्वजांचे टाक पूजतो. ते जर अशुभ नाही, तर ज्यांचे नावगावही उरले नाही अशा पितरांचे स्मरण अशुभ कसे म्हणावे? त्यांनी लेख घेण्याचे कबूल केले, याबद्दल त्यांची ऋणी आहे.

माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले. तेव्हा या लेखात विद्वत्ता शोधू नये. परंतु लहानपणी आमच्या हातून एक चूक घडली, तिची टोचणी मनात राहिली आणि त्या टोचणीपायी मी या विषयाचे जे मिळेल ते वाचत गेले. ती हकीकत आधी सांगते.

आपल्या खेड्यांत जमिनीला दोन नावे आहेत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. जेथे माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहिली, चुली पेटल्या, मातीची घरे पडली व पुन्हा उठली, तेथली माती राखेने पांढुरकी होते. माझे माहेर गोदाकाठचे. आमच्या गावाबाहेर नदीच्या अंगाला असे एक पांढरीचे टेकाड होते. दिवाळी जवळ आली की गावच्या बायका तेथून भिंती सारवण्यासाठी माती आणीत. मी अकरा-बारा वर्षांची असेन. आई आणि काकू यांच्याबरोबर मीही पाटी घेऊन गेले होते. काकूची कुदळ एका खापराला लागली. उकरून पाहिले तो दोन मडकी आडवी निजवलेली आणि एकमेकींच्या तोंडाला तोंड लावलेली दिसली. जुन्या मडक्यात धन असते हे लहानपणापासून ऐकलेले. काकूने घाईघाईने एक मडके फोडले. आत माती होती, आणि त्या मातीत बोटाच्या पेराएवढी हाडे. आई एकदम मागे सरली आणि म्हणाली, "अगं बाई, लेकरू हाय हे!"

आम्ही ती खापरे तशीच खड्ड्यात लोटली, वर माती टाकली, घरी येऊन डोक्यावरून पाणी घेतले आणि कोणाला काही सांगितले नाही. एवढेच लेकरू मडक्यात कोणी घातले, का घातले, हा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून गेला नाही.

पुढे लग्न होऊन मी बिडकीनला आले. संसारात ती गोष्ट मागे पडली. मग माझी मुलगी कॉलेजात इतिहास शिकू लागली. एक दिवस तिच्या पुस्तकाचे पान वाऱ्याने उलटले आणि त्यावर मला तेच चित्र दिसले: दोन मडकी, आडवी, तोंडाला तोंड. खाली नाव होते नेवासे.

नेवासे आपल्याला परके नाही. श्री ज्ञानेश्वर माउलींनी गीतेवरील टीका सांगितली ते हे प्रवरेकाठचे गाव, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातले. तेथल्या पांढरीच्या टेकाडात १९५४ ते १९५६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख सांकलिया, डॉ. शां. भा. देव आणि त्यांचे सहकारी यांनी उत्खनन केले. टेकाडाच्या वरच्या थरांत अलीकडच्या काळातल्या वस्तू, त्याखाली सातवाहनांचा काळ, आणि त्याच्याही खाली तीन हजार वर्षांहून जुनी वस्ती लागली. ती माणसे दगडाची पाती आणि थोडेबहुत तांबे वापरीत. लोखंड त्यांना माहीत नव्हते. चाकावर घडवलेली, तांबड्या रंगावर काळी नक्षी काढलेली सुबक भांडी ती करीत. या भांड्यांना विद्वानांनी संगमनेरजवळच्या जोर्वे गावाचे नाव दिले आहे, कारण तशी भांडी तेथे ओळखली गेली. त्या घरांच्या जमिनीखाली, म्हणजे ज्या जमिनीवर माणसे जेवत आणि निजत होती तिच्याच खाली, लहान मुले पुरलेली सापडली. मूल दोन मडक्यांत ठेवावयाचे, मडक्यांची तोंडे जुळवावयाची, खड्ड्यात आडवी ठेवून वर पुन्हा जमीन सारवावयाची, अशी ती रीत होती.

नेवाशाच्या एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. तांब्याचा गंज लागून तिचा दोराही थोडासा टिकला होता. तो तपासला तेव्हा त्यात रेशीम आणि कापूस आढळला. भगिनींनो, हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले. तांबे त्या काळी किती मोलाचे असेल! ते घरात ठेवता आले असते. दुसऱ्या मुलाच्या गळ्यात घालता आले असते. तरी ती माळ त्याच लेकराबरोबर गेली. ती कोणी घातली हे कोणत्याही ग्रंथात लिहिलेले नाही, आणि आपल्याला ते लिहून ठेवण्याची गरजही नाही.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथे १९६८ पासून बारा-चौदा वर्षे उत्खनन झाले. डॉ. सांकलिया, डॉ. अन्सारी आणि डॉ. म. के. ढवळीकर यांनी ते केले. तेथेही तीच रीत आढळली. सापडलेल्यांत बहुसंख्य लहान मुले. मोठी माणसेही घराच्या जमिनीत किंवा अंगणात खड्डा करून उत्तरेकडे डोके करून निजवलेली होती. पण मोठ्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले होते. जवळ तोटीचे भांडे आणि वाडगा ठेवलेला असे. पाय का तोडले असतील याविषयी असे म्हणतात की, मेलेले माणूस घर सोडून जाऊ नये, अथवा भूत होऊन हिंडू नये, अशी त्या लोकांची समजूत असावी. फक्त एका माणसाचे पाय शाबूत सापडले. पाच खोल्यांच्या मोठ्या घराच्या अंगणात कच्च्या मातीचा चार पायांचा रांजण होता आणि त्यात तो मांडी घालून बसवलेला होता. तो गावाचा मुख्य असावा असा तर्क आहे. गावप्रमुखाला वेगळा मान त्या काळीही होता, असे दिसते.

दक्षिणेकडे पाय करून झोपू नये, असे आपल्या घरातली वडीलधारी माणसे सांगतात. तसे झोपले की डोके उत्तरेला येते. इनामगावच्या रीतीशी याचा धागा जुळतो असे मी ठामपणे म्हणणार नाही. परंतु वाचताना सासूबाईंचा आवाज कानात आला, हे खरे.

आपल्या अगदी जवळचे उदाहरण हवे असेल तर पैठण तालुक्यातील आपेगाव घ्यावे. श्री ज्ञानेश्वरांच्या घराण्याचे हे गाव म्हणून आपण तेथे दर्शनाला जातो. तेथे १९७६ साली उत्खनन होऊन तांब्या-दगडाच्या काळातली वस्ती उजेडात आली. म्हणजे माउलींच्या पूर्वजांनी गोदेत स्नानसंध्या केली त्याच्या दोन हजारांहून अधिक वर्षे आधी तेथे चुली पेटत होत्या. पैठणचे सातवाहन राजे आपण शाळेत शिकतो. त्यांच्याही आधीची ही माणसे. त्यांना लिपी नव्हती, म्हणून त्यांच्या राजांची नावे नाहीत, लढाया नाहीत, सनावळ्या नाहीत. त्यांच्याविषयी जे कळते ते चुलीवरून, खापरांवरून, जळक्या दाण्यांवरून आणि मेलेल्यांना त्यांनी कसे निजवले यावरून. मला तर असे वाटते की, हा इतिहास आपल्यासारख्या बायकांना वाचता येण्याजोगा आहे. तो सगळा स्वयंपाकघरातला आणि अंगणातलाच आहे.

काही भगिनी म्हणतील की, घरात प्रेत पुरणे ही रानटी रीत झाली. पण आपण आपल्याच रीती आठवून पाहाव्यात. आपल्याकडे दहन होते. तथापि तान्हे मूल गेले तर त्याला अग्नी देत नाहीत, पुरतात. संन्याशाला आणि संतांना समाधी देतात. लिंगायत आणि महानुभाव यांच्यात पुरण्याची रीत आहे. आपल्या शेजारच्या मुसलमान भगिनींची माणसे कबरस्तानात विसावतात. आणि दहन झाल्यावरही दगड सुटत नाही. स्मशानात मडके फोडतात तो खडा 'जीवखडा' म्हणून दहा दिवस जपतात, त्यावर पाणी घालतात, आणि दहाव्याला पिंडाला कावळा शिवला की मगच मनाला स्वस्थता येते. गावोगावच्या मारुतीच्या पारापाशी वीरगळ उभे असतात. मेलेल्या माणसासाठी दगड ठेवण्याची गरज माणसाला फार जुन्या काळापासून आहे.

आता त्या दगडांकडेच वळते. गोदाकाठची ती तांब्या-दगडाची वस्ती मोडल्यावर पुढे लोखंडाचा काळ आला. त्या काळात विदर्भात राहणाऱ्या लोकांनी आपल्या मृतांना घरात ठेवले नाही. त्यांना गावाबाहेर नेऊन त्यांच्याभोवती मोठमोठ्या दगडांचे रिंगण उभारले. विद्वान यांना शिलावर्तुळे म्हणतात आणि त्या संस्कृतीला महापाषाण संस्कृती असे नाव देतात. नागपूरच्या आसपास अशी वर्तुळे शेकड्यांनी आहेत. नागपूरहून काटोलकडे जाणाऱ्या रस्त्याला जुनापाणी लागते. त्या एका ठिकाणीच सुमारे तीनशे वर्तुळे आहेत.

नात्यातल्या एका लग्नासाठी आम्ही नागपूरला गेलो होतो, तेव्हा हट्ट धरून मी जुनापाणी पाहिले. बरोबरची मंडळी रिक्षातच बसून राहिली. माळावर झुडपे, गुरे चरत होती, आणि त्यांच्यामध्ये काळे धोंडे गोलाकार मांडलेले. खळ्यात मळणीच्या वेळी पाथरणी करावी तसे एकेक रिंगण होते, काही लहान तर काही खूपच मोठी. मधली जागा गोट्यांनी आणि मातीने भरून जराशी उंच झालेली. काही धोंड्यांवर कोणीतरी मुद्दाम कोरलेले वाटोळे खळगे ओळीने दिसले. कुंकवाच्या करंड्यात बोट बुडावे तसे माझे बोट त्यात बसले. ते खळगे कशासाठी कोरले असतील याचा निर्णय अजून झालेला नाही. मी मात्र घरून आणलेली चिमूटभर हळद एका खळग्यात ठेवून आले. हे वाचून कोणी हसल्यास हसावे.

गुराखी सांगतात ते असे की, ही वर्तुळे गवळी राजांच्या काळची. १८७९ साली रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने जुनापाणीच्या वर्तुळांविषयी लिहून प्रसिद्ध केले. पुढे १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे बा. कृ. थापर यांनी तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. नागपूर विद्यापीठात असताना डॉ. देव यांनी टाकळघाट-खापा आणि माहूरझरी येथली वर्तुळे उकरली. यांचा काळ इसवी सनापूर्वीच्या आठव्या ते चौथ्या शतकांच्या सुमाराचा धरतात. म्हणजे गौतम बुद्धांच्या आगेमागेचा.

त्या वर्तुळांत काय निघाले? काळी-तांबडी भांडी, लोखंडी कुऱ्हाडी, भाले, छिन्न्या, तांब्याची भांडी. काही तांब्याच्या झाकणांच्या मुठीवर पाखरे बसवलेली आहेत. माहूरझरीला अकीक आणि तांबड्या कार्नेलियन दगडाचे मणी फार सापडले. तेथे मणी घडवण्याचे कामच चालत असे. सोन्याचे दागिनेही निघाले. काही कबरींत माणसाबरोबर घोडा पुरलेला होता आणि त्याच्या तोंडावर तांब्याच्या पत्र्याचे आभूषण होते. हे वाचले आणि मला आपला पोळा आठवला. बैलाला बाशिंग बांधतो, झूल घालतो, पुरणपोळीचा घास भरवतो, तसाच त्या लोकांचा जीव घोड्यावर असला पाहिजे. तथापि तो घोडा धन्याबरोबर आपोआप मेला नसणार, हेही मनात आल्यावाचून राहत नाही.

नायकुंड येथे १९७८ ते १९८० च्या उत्खननात लोखंड गाळण्याची विटांची भट्टी सापडली. कबरीतली कुऱ्हाड बाहेरून आणलेली नव्हती. जवळच्या वस्तीतच लोहार होते. डोंगरातून धोंडे ओढून आणायचे, रिंगण रचायचे, मध्ये माती-गोटे भरायचे, हे काही एका घरचे काम नव्हे. सारा गाव राबत असणार. दिवसकार्याला भाऊबंद जमतात, स्वयंपाकाला शेजारणी येतात, कोणी पाणी भरते, कोणी पत्रावळी मांडते. तसेच काही तेथेही असेल. एवढ्या माणसांच्या भाकरी कोणी थापल्या असतील हे सांगायला नको.

मृतांसाठी मोठे दगड उभारण्याची ही रीत एकट्या आपल्या देशातली नाही. युरोप खंडाच्या उत्तरेला डेन्मार्क आणि स्वीडन हे थंडीचे देश आहेत. तेथे आपल्या विदर्भातल्या वर्तुळांच्याही दोन हजारांहून अधिक वर्षे आधी, म्हणजे आजपासून पाच हजार वर्षांपूर्वी, शेतकरी लोकांनी दगडांच्या खोल्या बांधल्या. उभ्या शिळांच्या भिंती, वर प्रचंड शिळांचे छत, त्यावर मातीचा ढीग, आणि आत जाण्यासाठी रांगत जावे लागेल असा एक अरुंद बोळ. स्वीडनमधील फाल्शोपिंग या गावाच्या परिसरात अशा अडीचशेहून अधिक कबरी आहेत आणि त्यांच्या बोळांची तोंडे बहुतेक पूर्वेकडे आहेत. डेन्मार्कचे लोक त्यांना 'राक्षसाची खोली' या अर्थाच्या नावाने ओळखतात. एवढे दगड माणसाने उचलले यावर त्यांच्या पूर्वजांचा विश्वास बसेना. आपल्याकडेही अवघड बांधकाम दिसले की ते पांडवांनी एका रात्रीत केले असे म्हणतात. त्या लोकांचा आणि आपल्या लोकांचा काही संबंध नव्हता. दुःख मात्र सारखे होते, आणि दगडही सगळीकडे सापडतात.

विदर्भातले रिंगण मातीने भरून बंद करीत. स्वीडनच्या खोलीचे दार मात्र पुन्हा पुन्हा उघडत असे. एकाच खोलीत पिढ्यान्‌पिढ्या माणसे ठेवली जात. आधीच्यांची हाडे बाजूला सारून नव्यांना जागा करीत. २०२४ साली शास्त्रज्ञांनी अशा कबरींतल्या १०८ माणसांच्या हाडा-दातांची आनुवंशिक तपासणी करून तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत एका घराण्याच्या सहा पिढ्या ओळखता आल्या. मुलगे आणि नातू बापा-आज्याजवळ होते. त्यांच्या मुलांच्या आया मात्र दुसऱ्या कुळांतून आलेल्या होत्या. मुली लग्न होऊन बाहेर जात आणि सुना बाहेरून येत, असा त्याचा अर्थ लावतात.

भगिनींनो, पाच हजार वर्षांपूर्वीच्या परक्या मुलखातही माहेर आणि सासर होते! त्या सुनेची हाडे शेवटी सासरच्यांच्याच खोलीत ठेवली गेली. तिचे आईबाप कोठे होते, त्यांना निरोप पोचला की नाही, ते येईपर्यंत थांबले की नाही, हे दगड सांगत नाहीत. परंतु ती कोणाची आई होती हे पाच हजार वर्षांनी तिच्या दातांनी सांगितले. आपल्या कुळाच्या वंशावळीत बापाचे, आज्याचे, पणज्याचे नाव असते. पणजीचे नाव आपल्यापैकी किती जणींना सांगता येईल? मी प्रयत्न केला. मला माझ्या पणजीचे नाव आठवले नाही, आणि सांगणारे कोणी उरले नाही.

त्याच तपासणीत आणखी एक गोष्ट कळली. दर सहा माणसांत सुमारे एकाच्या अंगात प्लेगचे जंतू होते. आपल्याकडे १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला आणि मग महाराष्ट्रभर पसरला. पुण्यात रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांना तो जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. ज्या सावित्रीबाईंमुळे माझ्यासारखीला सात यत्ता शिकता आल्या आणि हा लेख लिहिता आला, त्यांचा घात करणारा रोग पाच हजार वर्षांपूर्वीच्या कबरीत सापडावा, हे वाचून मन कसे होते ते मला शब्दांत सांगता येत नाही.

आता शेवटची आणि कामाची गोष्ट. विदर्भातली अनेक वर्तुळे सरकारने संरक्षित केलेली आहेत, तरी कोठे शेत वाढवताना, कोठे खडी फोडताना, कोठे रस्ता करताना धोंडे हलवले गेले आणि रिंगणे मोडली. पांढरीच्या टेकाडांची तीच गत. ही माती शेताला खत म्हणून चांगली, म्हणून गाड्या भरभरून नेली जाते. पूर्वी आमच्यासारख्या बायका पाटीने नेत, आता ट्रॅक्टरने नेतात. कोणी दुष्टपणाने हे करीत नाही. आमच्या काकूने तरी कोठे दुष्टपणाने मडके फोडले? माहीत नव्हते, एवढेच.

याउलट दायमाबादचे उदाहरण पाहावे. श्रीरामपूर तालुक्यातल्या या प्रवरेकाठच्या गावी १९७४ साली एका भिल्ल बांधवाला झाडाचे मूळ खणताना चार मोठ्या धातूच्या वस्तू लागल्या: बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस. त्यांचे वजन साठ किलोहून अधिक भरले. त्या वितळून मोडीत गेल्या असत्या तर कोणाला कळलेही नसते. त्या सरकारजमा झाल्या, म्हणून आज साऱ्या जगाला दायमाबाद ठाऊक आहे.

आपल्या बिडकीनच्या शिवारात आता औद्योगिक नगरी उभी राहत आहे. जेथे ज्वारी आणि कापूस पाहिला तेथे रुंद रस्ते झाले, यंत्रे जमीन उकरू लागली. मुलांना काम मिळेल याचा आनंदच आहे. पण आपण गोदावरीच्या खोऱ्यातल्या लेकी आणि सुना आहोत. आपल्या जमिनीत कोठे काय निजलेले असेल हे वरून दिसत नाही. म्हणून मंडळाच्या भगिनींना माझी एवढीच विनंती आहे. घराचा पाया खणताना, विहीर काढताना, शेत सपाट करताना राखट माती, नक्षीची खापरे, तोंडाला तोंड लावलेली मडकी किंवा हाडे दिसली, तर कुदळ थांबवावी. वस्तू जागची हलवू नये. गावच्या तलाठ्याला आणि तहसील कचेरीत कळवावे, म्हणजे पुरातत्त्व खात्यापर्यंत बातमी जाईल. जमिनीत सापडलेले धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे असा कायदा तर १८७८ सालापासून आहे. परंतु कायद्याच्या भीतीने नव्हे, आपल्या मनाने हे करावे. आपल्या घरातल्या पुरुषांना आणि मुलांनाही सांगून ठेवावे. घरातली बाई म्हणाली की 'थांबा', तर बहुधा थांबतात.

मागल्या वर्षी माहेरी गेले तेव्हा मी त्या टेकाडाकडे चालत गेले. टेकाड उरलेले नाही. तेथे सपाट शेत झाले आहे आणि त्यात मोसंबीची रोपे लावली आहेत. आमची काकूही आता नाही. ते लेकरू तीन हजार वर्षे कोणाच्या तरी चुलीशेजारी निवांत निजले होते आणि त्याची झोप आम्ही मोडली. त्याच्या गळ्यात माळ होती का, दोऱ्यात रेशीम होते का, जवळ पाण्याचे भांडे ठेवले होते का, काहीच आम्ही पाहिले नाही. आता ते कोणालाच कळणार नाही.

यंदा सर्वपित्रीला पान वाढताना आमच्या घरातल्या सगळ्या ठाऊक असलेल्या माणसांची नावे घेऊन झाली. मग एक लहानसा घास मी निराळा काढून ठेवला. सूनबाईने विचारले, "हा कोणाचा?" मी म्हटले, "आहे एक माहेरचे लेकरू."